अकरा ग्रॅमचं कोडं

हत्तीला एका बारात पाडणारी गोळी केवढी असावी? आपलं मन आपोआप मोठ्या आकड्याकडे धावतं. पण एडिंबराजवळ १८८० साली जन्मलेल्या वॉल्टर बेल या माणसाने हस्तिदंतासाठी आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, आणि त्यांतल्या बहुतेकांना लागलेल्या गोळीचा व्यास होता सव्वासात मिलिमीटर, वजन ११ ग्रॅम. युगांडाच्या करामोजा भागातल्या भटकंतीमुळे लोक त्याला 'करामोजो बेल' म्हणू लागले. त्याचं काडतूस .२७५ रिग्बी, म्हणजेच जर्मनीच्या माउझरचं ७ बाय ५७. १८९९ ते १९०२ च्या युद्धात दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी हेच काडतूस घेऊन इंग्रजांशी लढले होते. ते बनलं होतं माणसांवर चालवायला. हत्ती त्याच्या हिशोबातच नव्हता.

त्याच काळात आफ्रिकेत हत्तीमागे जाणाऱ्या इतरांच्या खांद्यावर .४७० नायट्रो एक्सप्रेससारखी दुनळी असे. तिची एकेक गोळी ३२ ग्रॅमची, म्हणजे बेलच्या गोळीच्या जवळजवळ तिप्पट. मग खरं कोणाचं? या प्रश्नावर शिकारी, आणि शिकाऱ्यांसाठी लिहिणारे बंदूक-लेखक, शंभर वर्षं भांडत आले आहेत. शेकोटीभोवतीची शिकारी मंडळी लेखक निवडतात आणि मग आयुष्यभर त्याच्या काडतुसाची बाजू लढवतात. या भांडणात मला रस आहे तो त्यातल्या भौतिकशास्त्रामुळे. दोन्ही बाजूंचे पुरावे खरे आहेत, आणि तरीही दोघांनी त्यांतून काढलेले निष्कर्ष एकमेकांच्या उलट आहेत. असं का होतं, ते उलगडत गेलं की काडतुसासारखी करंगळीएवढी वस्तू भलतीच खोल वाटू लागते.

आधी साधे आकडे पाहू. बेलची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेगाने निघे, .४७० ची साधारण ६५५ मीटर वेगाने. ऊर्जा मोजली तर पहिलीची भरते पावणेतीन हजार ज्यूल, दुसरीची जवळपास सात हजार. हा फरक पाहून बेलने वेडं साहस केलं असंच वाटेल. पण आता वजनाला गोळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. बेलच्या गोळीत दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २७ ग्रॅम वजन आहे. .४७० मध्ये? सुमारे २८. म्हणजे एक बारीक, दुसरी जाड, पण वाटेतल्या हाडामांसाला रेटायला दोघींच्या मागे जवळजवळ सारखंच वजन उभं आहे. वेगही जवळपास सारखाच. त्यामुळे गोळी वाटेत फुटली किंवा वाकली नाही, तर बारीक गोळी जाडीइतकीच खोल जाते. फुटू नये म्हणून बेल शिशावर धातूचं पूर्ण कवच चढवलेल्या, शिकाऱ्यांच्या बोलीत 'सॉलिड' म्हटल्या जाणाऱ्या गोळ्याच वापरायचा.

आता प्रश्न उरला, खोल जाऊन पोचायचं कुठे? हत्तीचं कपाळ म्हणजे बहुतांशी हवेच्या पोकळ्यांनी भरलेलं जाळीदार हाड. साधारण पाच किलोचा मेंदू त्या प्रचंड डोक्यात बराच खाली आणि मागे दडलेला असतो. कपाळाच्या मधोमध मारलेली गोळी त्याच्या वरून निघून जाऊ शकते. बेलने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूची जागा पाहिली, आणि वेगवेगळ्या कोनांतून तिथवर जाणाऱ्या वाटा डोक्यात पक्क्या केल्या. हत्ती पाठमोरा जात असताना तिरप्या रेषेत मानेतून मेंदू गाठण्याच्या बाराला आजही 'बेल शॉट' म्हणतात. शिवाय तो रायफल दुसऱ्याकडे न देता स्वतःच वागवायचा आणि चालता चालता रिकाम्या रायफलीने नेम धरून चाप ओढण्याचा सराव करत राहायचा. कमी धक्क्याची हलकी रायफल हवी ती यासाठीच. धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच खांदा आकसणारा माणूस कवटीतली ती जागा गाठू शकत नाही.

दुसऱ्या बाजूचा वकील जॉन टेलर. १९०४ साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस मोझांबिककडच्या जंगलात परवान्याबिरवान्याच्या भानगडीत न पडता हत्तीमागे फिरला. आफ्रिकेतल्या रायफली आणि काडतुसांवरचं त्याचं पुस्तक १९४८ मध्ये आलं, आणि अजून त्यावर हमरीतुमरी होते. टेलरचा मुद्दा असा, की मेंदू प्रत्येक वेळी सापडत नाही. गोळी मेंदूच्या बाजूने गेली तर हत्ती निदान क्षणभर सुन्न व्हायला हवा, म्हणजे दुसरा बार टाकता येतो. हे सुन्न करणं मोजायला त्याने एक सूत्र बनवलं: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, व्यास इंचांत. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ७००० ने भागायचं. .४७० ला मिळतात सुमारे ७३ गुण, .४१६ रिग्बीला ५७ च्या आसपास, .३७५ ला ४०, आणि बेलच्या लाडक्या .२७५ ला फक्त १६.

आकडे किती रुबाबदार दिसतात! आता हेच सूत्र क्रिकेटच्या चेंडूला लावून पाहा. १६० ग्रॅम वजन, ७.२ सेंटिमीटर व्यास, ताशी १४० किलोमीटर वेग. उत्तर येतं सुमारे १२७. म्हणजे सूत्राच्या हिशोबाने एखादा बरा वेगवान गोलंदाज हत्तीच्या दुनळीपेक्षा पावणेदोन पट जबर ठरला! चूक सूत्राची नाही, त्याला घराबाहेर काढणाऱ्यांची आहे. टेलरने ते हत्तीच्या डोक्यापुरतं, न फुटणाऱ्या गोळ्यांपुरतं आणि जवळपास सारख्या वेगांपुरतं मांडलं होतं. त्या चौकटीत ते अनुभवी माणसाच्या आठवणींची छान उतरंड लावतं. निसर्गाचा नियम म्हणून ते हरणाला किंवा चेंडूला लावलं की हसं होतं.

गंमत अशी, की गोळीने हत्ती 'ढकलला' जातो ही कल्पनाच न्यूटनपुढे टिकत नाही. .४७० च्या गोळीचा सगळा रेटा पाच टनांच्या हत्तीत मुरला, तर हत्ती मागे सरकेल सेकंदाला चार मिलिमीटर वेगाने. निदान तेवढाच रेटा बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्यालाही बसतो, आणि तो उभा राहतोच. मेंदूत गोळी लागलेला हत्ती कोसळतो तो धक्क्याने नाही. त्याला उभं ठेवणाऱ्या स्नायूंना येणारे हुकूम थांबतात, आणि पाच टनांचं ओझं त्याच्या स्वतःच्या वजनाने खाली येतं.

मग एवढी जाडजूड काडतुसं जन्मली तरी का? उत्तराचा एक धागा थेट भारतात येतो. बंदुका बनवणाऱ्या रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली आणि धोकादायक जनावरांसाठी ती जवळजवळ प्रमाण ठरली. पण सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५० च्याच, आणि त्या बंडखोरांच्या हाती पडत होत्या. त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात आणि सुदानात .४५० वर बंदी घातली. भारतातलं गिऱ्हाईक गमावणं लंडनच्या बंदूकवाल्यांना परवडणारं नव्हतं. प्रत्येकाने आकडा थोडा सरकवून आपापलं काडतूस काढलं: .४६५, .४७०, .४७५, .४७६. यांतलं कोणतं उत्तम यावर पुढे पानंच्या पानं लिहिली गेली. प्रत्यक्षात हत्तीला त्यांच्यातला फरक कळण्याचं काही कारण नव्हतं.

दुसरा धागा उन्हाचा. त्या काडतुसांत कॉर्डाइट नावाची धूररहित दारू असे आणि ती तापमानाला हळवी होती. इंग्लंडच्या गारव्यात जुळवलेलं काडतूस मध्य प्रांतातल्या मे महिन्यात जास्त दाब निर्माण करी. पितळी पुंगळी फुगून नळीत अडके, आणि पुढ्यात जखमी जनावर असताना रिकामी पुंगळी बाहेर न येण्याइतकं वाईट काही नाही. म्हणून पुंगळ्या ऐसपैस केल्या गेल्या, म्हणजे दाब कमी राहील. १९११ ची .४१६ रिग्बी अशीच पोटाने मोठी आहे. १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडची पुंगळी लांबट आणि टोकाकडे हळूहळू निमुळती होत जाते, त्यामुळे ती सहज सुटून येते. काडतुसाच्या कमनीय आकारात उष्ण कटिबंधाचा उन्हाळा ओतलेला आहे.

बेलचं काडतूस आपल्याही ओळखीच्या हातात होतं. चंपावतच्या वाघिणीला १९०७ मध्ये मारल्यावर जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांकडून भेट मिळाली ती .२७५ रिग्बीच. रुद्रप्रयागच्या बिबट्याचा शेवट १९२६ मध्ये त्याच रायफलीने झाला. पण कॉर्बेटकडे .४५०/.४०० ची जड दुनळीही होती. भांडणाच्या दोन्ही बाजू त्याच्या एकाच घरात नांदत होत्या.

अमेरिकेत हेच भांडण दोन लेखकांच्या नावाने गाजलं. जॅक ओकॉनर हा ॲरिझोनाचा, विद्यापीठात शिकवलेला, नेटकं लिहिणारा. १९२५ मध्ये आलेल्या .२७० विंचेस्टरचा तो आयुष्यभराचा पुरस्कर्ता: साडेआठ ग्रॅमच्या आतली गोळी, सेकंदाला साडेनऊशे मीटरचा वेग, खांद्याला सुसह्य धक्का. एल्मर कीथ हा आयडाहोचा, गुरांच्या राखणीत वाढलेला. त्याचं म्हणणं, दाट झाडीत पाठमोरं पळणारं एल्क हरीण पाडायचं तर लांब, जड गोळीच हवी. नीट पाहिलं तर दोघांच्या डोळ्यांपुढची दृश्यंच वेगळी होती. ओकॉनरपुढे उघड्या डोंगरउतारावरचा, दूर पण निवांत उभा असलेला रानमेंढा होता. कीथपुढे झाडीतून दिसेनासं होणारं अजस्र धूड होतं. प्रश्न दोन, उत्तरं दोन. वाचकांनी मात्र त्यांना एकाच प्रश्नाची उत्तरं समजून पक्ष स्थापन केले.

या वादावरचा सर्वांत सुंदर तोडगा लेखकाकडून आला नाही. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीला गेला होता. त्याच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या कातडीवरच फुटून विखुरल्या आणि मूस पडेना. परत येऊन त्याने दोन खोल्यांची गोळी बनवली: मध्ये धातूची आडवी भिंत, पुढचं शिसं उमलण्यासाठी, मागचं अखंड राहून आत घुसण्यासाठी. 'पार्टिशन' नावाने ती आजही विकली जाते. वेगवान गोळी आता जड गोळीसारखी खोल जाऊ लागली, आणि ओकॉनर-कीथ भांडणातला निम्मा दारूगोळा त्या भिंतीने भिजवला.

या सगळ्यांत तह व्हावा तसं एकच जुनं काडतूस टिकलं: .३७५. ते बेलच्या पंथाला जास्त वाटतं, टेलरच्या पंथाला थोडं कमी, आणि म्हणून दोघांना चालतं. आफ्रिकेत अनेक ठिकाणी धोकादायक जनावरांसाठी कायद्याने तीच किमान मर्यादा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय पुस्तकांत गेला, आणि हजार हत्तींचा हिशोब आज वाचताना अंगावर काटाच येतो. पण ती पुस्तकं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बारीक गोळीवर भरवसा ठेवणारे बेलइतके पक्के नेमबाज किती होते, आणि ज्यांचा नेम हुकला त्यांचं काय झालं, हे कोणत्याच सूत्रात नाही. हत्तीने तुडवलेल्या शिकाऱ्याने पुस्तक लिहिलं नाही. कुठल्याही काडतुसाची कीर्ती ज्यांनी लिहिली, ते सगळे जिवंत परतलेले होते. म्हणून पुढच्या वेळी कुणी 'एका गोळीत आडवा' म्हणाला, की त्याला काडतुसाचा आकडा विचारू नये. गोळी कुठे लागली, आत पोचेपर्यंत अखंड राहिली का, आणि हेच करायला जाऊन किती जणांची फसगत झाली, हे विचारावं. त्या तीन प्रश्नांपुढे शंभर वर्षांचं भांडण बरंचसं आपोआप मिटतं.