बांबूचा धंदा करायचाय? आधी मेंढा (लेखा) समजून घ्या!

जंगलातल्या मालावर व्यवसाय करायचा विचार आहे? मग गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव बघा.

इथे अभ्यास गट बसतो. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एक विषय घेऊन मोकळी चर्चा करतात. निर्णय मात्र ग्रामसभाच घेते, तोही सर्वसहमतीने.

याचा फायदा काय? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात! परवाना नाही, तर बांबू बाहेर नेणार कसा? गाव हटलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला दिलं. मग ग्रामसभा स्वतःच बांबू विकू लागली.

तुम्ही काय करायचं? अशा गावातून माल घेताना थेट ग्रामसभेशी बोला. हक्क कोणाचा, परवाना कोण देणार, हे आधी विचारा. आणि तुमच्याच गावात जंगल असेल, तर चार जणांना घेऊन कायदा वाचायला बसा. भांडवल नंतर बघू!