गणवेश कोण ठरवतं?

साटीनचा अंगाला आवळलेला कॉर्सेट, खांदे उघडे, पाय कमरेपर्यंत उघडे. गळ्यात शर्टाशिवायची नुसती कॉलर आणि बो टाय, मनगटांवर नुसते कफ. डोक्यावर सशाचे कान, मागे पांढऱ्या झुपक्याचं शेपूट आणि पायांत उंच टाचा. २९ फेब्रुवारी १९६० रोजी ‘प्लेबॉय’ मासिकाचे संस्थापक ह्यू हेफनर यांचा पहिला प्लेबॉय क्लब शिकागोत सुरू झाला. या क्लबांत ग्राहकांना मद्य आणून देणाऱ्या मुलींचा हा गणवेश होता. या मुलींना वेट्रेस म्हणत नसत, ‘बनी’ म्हणत. पोशाखाची नोंद अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयातही झाली. रात्रीच्या क्लबात काम करणाऱ्या बाईच्या कपड्यांवरून जगभर जो वाद चालतो, त्याची सुरुवात बहुतेकदा या सशाच्या कानांपासूनच होते.

तो वाद पेटवला एका पत्रकार बाईने. ग्लोरिया स्टायनेम यांनी नाव बदलून न्यूयॉर्कच्या प्लेबॉय क्लबात नोकरी मिळवली आणि १९६३ च्या मे आणि जून महिन्यांत ‘शो’ मासिकात तो अनुभव लिहिला. त्यांचं लिखाण आजही वाचावं असं आहे, कारण त्यात नीतीचं प्रवचन फारसं नाही, कामाचा तपशील आहे. पोशाख इतका घट्ट की त्यातल्या पट्ट्यांचे वळ अंगावर उठत. छाती भरलेली दिसावी म्हणून आत ड्रायक्लीनिंगच्या प्लास्टिक पिशव्या कोंबल्या जात. ग्लास टेबलावर ठेवताना पुढे वाकायचं नाही, गुडघे दुमडून पाठ मागे झुकवायची. कारण पुढे वाकलं तर कपडा जागेवर राहत नसे. या कसरतीला ‘बनी डिप’ असं नाव होतं आणि ती शिकवली जाई. केस नीट नसले तरी गुण कापले जात.

जाहिरातीत आठवड्याला २०० ते ३०० डॉलर मिळतील असं लिहिलेलं असे. हातात येणारा पैसा त्याहून बराच कमी होता, आणि पोशाखाच्या धुलाईचा खर्चही मुलीच्याच माथी पडे. नोकरीवर घेण्याआधी गुप्तरोगांसाठी रक्त तपासत आणि शरीराची आतून तपासणी करत. ट्रे उचलण्याच्या कामासाठी! लेख छापून आल्यावर ही तपासणी बंद झाली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती पूर्वी बनी असलेल्या बायकांनीच मांडली. कॅथरिन ली स्कॉट त्याच न्यूयॉर्क क्लबात काम करत होत्या. पुढे त्या अभिनेत्री झाल्या. १९९८ साली त्यांनी जुन्या मैत्रिणींना गाठून ‘द बनी इयर्स’ हे पुस्तक लिहिलं. कुणी या पैशांवर कॉलेज केलं, कुणी घर सोडून स्वतःच्या पायावर उभी राहिली. ऑफिसात टायपिंग करून जे मिळालं नसतं ते इथल्या टिपांतून मिळालं, आणि आपल्याला बिचारी ठरवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. गायिका डेबी हॅरीही पूर्वी बनी होती. या बायकांना भ्रमात जगणाऱ्या समजणं हा त्यांचा आणखी एक अपमान ठरेल.

मग पोशाख अपमानास्पद होता की नव्हता? याचं उत्तर कपड्याच्या लांबीत शोधलं तर सापडत नाही. तोकडा कपडा हौसेने घालणाऱ्या मुली आहेत, आणि त्यांनी तो का घालू नये याला काहीही कारण नाही. पण एखाद्या बनीने सांगितलं असतं की आज पाठ दुखते आहे, आज साधी पँट आणि शर्ट घालून ट्रे उचलते, तर तिची नोकरी टिकली असती का? टिकली नसती. तिथे नोकरीच शरीर दाखवण्याची होती, पगार मात्र ट्रे उचलण्याच्या नावाने होता. हा हिशेब मालकाने ठरवलेला होता. त्या बाईने तो फक्त मान्य किंवा अमान्य करायचा होता, आणि अमान्य केला तर घरी जायचं होतं.

‘हूटर्स’ या अमेरिकी रेस्टॉरंट साखळीने हे लेखीच करून टाकलं. इथला धंदा स्त्रीच्या लैंगिक आकर्षणावर उभा आहे आणि त्यावरून होणारी थट्टामस्करी इथे नेहमीची आहे, हे आपल्याला ठाऊक असल्याची कबुली तिथे कामावर येणाऱ्या मुलीकडून घेतली जाई. म्हणजे उद्या एखादा ग्राहक घाणेरडं बोलला तर तक्रारीची वाट आजच अर्धी बुजवलेली. तिथल्या गणवेशातल्या नारिंगी शॉर्ट्सपेक्षा या कागदाने जास्त नुकसान केलं. ‘ही बोलणं ऐकून घेईल’ हा निरोप गणवेशातून ग्राहकापर्यंत पोचतो. त्या मुलीने तो दिलेला नसतो, तिच्या अंगावर तो घातलेला असतो.

स्टायनेम यांच्या लेखाला ५५ वर्षं होत आली तेव्हा लंडनमध्ये तसंच घडलं. जानेवारी २०१८ मध्ये डॉर्चेस्टर हॉटेलात ‘प्रेसिडेंट्स क्लब’ची दानधर्मासाठी मेजवानी झाली. पाहुणे सगळे पुरुष, सुमारे ३६०. त्यांच्या दिमतीला १३० होस्टेस. काळा तोकडा ड्रेस, आतले कपडेही काळेच, टाचा उंच, असा हुकूम होता. आल्या आल्या मुलींकडून गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या गेल्या. ‘फायनान्शियल टाइम्स’ची बातमीदार होस्टेस बनून आत गेली होती. अनेक मुलींच्या अंगाला हात लावले गेले, हे तिने छापलं आणि काही दिवसांतच ती संस्था बंद करत असल्याचं जाहीर झालं. आतले कपडे कोणत्या रंगाचे असावेत हे जो मालक सांगतो, त्याला नक्की कोणती सेवा हवी आहे?

आपल्याकडचा अनुभव या प्रश्नाला वेगळं वळण देतो. मुंबईच्या डान्स बारमधल्या मुली साडीत किंवा घागरा-चोळीत नाचत. त्यांच्या अंगावर हिंदी सिनेमातल्या नायिकेपेक्षा जास्त कपडे असत, हे बारबालांच्या बाजूने लढणाऱ्या वकील आणि कार्यकर्त्या तेव्हा वारंवार सांगत होत्या. तरी २००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात राज्य सरकारने या नाचावर बंदी घातली. तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं बंदीतून वगळली होती. म्हणजे तोच नाच श्रीमंतांपुढे चालेल, ग्रँट रोडच्या बारमध्ये चालणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. मग २०१६ चा नवा कायदा आला; त्याच्या लांबलचक नावातच महिलांच्या प्रतिष्ठेचं रक्षण होतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्याही अनेक अटी काढून टाकल्या. टिप देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत, असं सांगितलं.

या सगळ्या वर्षांत हजारो बायकांची रोजी गेली. अंगावर उधळलेल्या नोटांतला किती वाटा बारमालकाचा आणि किती नाचणारीचा, तिला सुट्टी मिळते का, रात्री घरी कोण सोडतं, यावर सरकारने कायदा करायला हवा होता. त्याने नाचावर केला.

गोव्यातही हाच गोंधळ झाला. २०१२ च्या अखेरीस कांदोळीच्या किनाऱ्यावर प्लेबॉय क्लब काढण्याचा बेत जाहीर झाला. भारतात चालेल असा, जास्त अंग झाकणारा बनीचा पोशाख करून घ्यायची तयारीही कंपनीने दाखवली. मोठा विरोध झाला आणि मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने २०१३ मध्ये परवानगी नाकारली, तीही तांत्रिक कारणावरून. कान आणि शेपूट गोव्याच्या संस्कृतीत बसतं का यावर भरपूर चर्चा झाली. तिथे काम करणाऱ्या मुलींना ते घालायला नकार देता येईल का, हे कुणी फारसं विचारलं नाही.

बाईला संरक्षण द्यायचं म्हणून तिला कामावरूनच काढायचं, ही खोड जुनी आहे. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं एक कलम दिल्लीत लागू होतं. जिथे दारू प्यायली जाते तिथे कोणत्याही बाईला कामावर ठेवू नये, असं ते म्हणे. डिसेंबर २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. बाईच्या स्वातंत्र्यावर बंधनं घालण्यापेक्षा तिला बळ देणं शहाणपणाचं, असा त्या निकालाचा सूर होता. बारमध्ये बाईने काम करावं हा तिचा हक्क ठरला, ही मोठी गोष्ट होती.

मात्र त्या हक्काबरोबर गणवेशाचा प्रश्न सुटला नाही. कॅनडात त्यावर थेट काम झालं. २०१६ साली ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने स्पष्ट केलं की वेट्रेसला तोकडा स्कर्ट आणि उंच टाचांची सक्ती करणं आणि पुरुष वेटरला साधी पँट देणं हा भेदभाव आहे. मग मोठ्या रेस्टॉरंट साखळ्यांकडून गणवेशाचे नियम मागवून ते तपासले. ब्रिटिश कोलंबियाने २०१७ मध्ये उंच टाचांची सक्तीच बंद केली. त्यासाठी बार बंद करावे लागले नाहीत, बायकांच्या कामावर बंदी आली नाही; मुलींना पँट मागण्याची सोय झाली.

भारतात असा नियम नाही, पण हातात काहीच नाही असंही नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पबला आणि बारलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही या कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. बारमध्ये बाहेरचा माणूस म्हणजे ग्राहक. मुंबई, पुण्यात एका रात्रीपुरती इव्हेंट कंपनीने पाठवलेली होस्टेसही यातून सुटत नाही, कारण रोजंदारीवर आणि कंत्राटदारामार्फत आलेल्या बाईलाही हा कायदा कर्मचारीच मानतो. पोशाख काय असेल हे कामाला हो म्हणण्याआधी लेखी सांगणं आणि त्याच पगारात दुसरा साधा पोशाख निवडण्याची मुभा देणं, एवढी भर अबकारी परवान्याच्या अटींमध्ये घालायला राज्य सरकारला काही अवघड नाही.