शेतातील युरिया आणि समुद्रातील सूक्ष्म वनस्पती

भातखाचरात टाकलेला सर्वच युरिया पिकाच्या उपयोगी पडत नाही. त्याच्या नत्राचा काही भाग हवेत उडून जातो, काही जमिनीत झिरपतो, आणि मुसळधार पावसात काही ओढ्यावाटे खाडीस जाऊन मिळतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा होय. परंतु समुद्रात गेलेल्या या खतावर तेथे दुसरेच पीक वाढते. ते कोणते, हे किनारपट्टीतील शेतकऱ्यांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

समुद्रात सूर्यप्रकाश पोचतो तेथवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. त्यांवर सूक्ष्म प्राणी जगतात व त्या प्राण्यांवर मासे. तारलीसारखे मासे तर प्लवकांवरच पोसले जातात. वनस्पतिप्लवक हे समुद्राचे कुरणच होय.

या कुरणासही नत्र व स्फुरद लागते. ही द्रव्ये पाण्यात दोन रूपांत विरघळलेली असतात. नायट्रेट, अमोनिया व फॉस्फेट ही असेंद्रिय रूपे होत. युरिया, अमिनो अम्ले, तसेच शेण, मलमूत्र व कुजका पालापाचोळा यांतून उतरणारी अनेक द्रव्ये ही सेंद्रिय रूपे होत. प्लवकांच्या अनेक जाती युरिया सरळ शोषून घेतात व पेशीतील वितंचकाच्या साह्याने त्याचा अमोनिया करतात. फॉस्फेट कमी पडल्यास काही जाती सेंद्रिय संयुगांतून स्फुरद सोडवून घेतात. बऱ्याच जातींना ब-१२ जीवनसत्त्वही बाहेरून मिळावे लागते. ते जिवाणू तयार करतात.

मात्र या खताने सर्व जाती सारख्या वाढत नाहीत. डायाटम या कवचधारी जातींना सिलिका लागते, आणि ती युरियातून मिळत नाही. उलट डायनोफ्लॅजेलेट गटातील काही जाती युरियावर चांगल्या पोसतात. शेतात तण माजावे तशी एखादी जात बेसुमार वाढली, की पाणी लाल, तपकिरी वा हिरवे दिसू लागते. पुढे ही वाढ मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात. काही जाती विषारीही असतात. त्यांचे विष शिंपल्यांत साठते व काही विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोल पाणी वर येऊन प्लवक नैसर्गिक रीत्याही वाढतात. म्हणून पाणी रंगले की ते खतामुळेच, असे मात्र समजू नये.

मेक्सिकोतील याकी खोऱ्याचे उदाहरण बोधप्रद आहे. ज्या बुटक्या गव्हाच्या जाती १९६० नंतरच्या दशकात भारतात आल्या, त्यांच्या पैदाशीचे काम येथे झाले. या खोऱ्यात गव्हाला हेक्टरी सुमारे २५० किलो नत्र, मुख्यतः युरिया व अमोनियाच्या रूपाने, दिले जाई. पाण्याच्या पाळीनंतर थोड्याच दिवसांत लगतच्या समुद्रात प्लवकांची मोठी वाढ होते, असे उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दिसून आले; हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. नत्राची मात्रा कमी करून ती पिकाच्या गरजेच्या वेळी दिल्यास उत्पन्न न घटता नत्राची हानी कमी होते, हे त्याच खोऱ्यातील प्रयोगांनी १९९८ सालीच दाखविले होते.

भात उत्पादकांनी पुढील काळजी घ्यावी :

१. युरिया एकाच वेळी न देता हप्त्यांनी द्यावा.
२. खत देण्यापूर्वी खाचरातील जादा पाणी काढावे व नंतर पाणी बाहेर जाण्याच्या वाटा बंद कराव्यात.
३. जोराच्या पावसाचा अंदाज असल्यास खत देणे पुढे ढकलावे.
४. शक्य तेथे युरियाच्या ब्रिकेट चिखलात खोल खोचाव्यात.
५. शेणखताचे खड्डे ओढ्याकाठी न करता बांध घालून उंचवट्यावर करावेत.

यामुळे खताचा पैसा वाचेल आणि खाडीतील मासळी व शिंपल्यांवर उपजीविका करणाऱ्या कुटुंबांचेही हित साधेल.