जुनं यंत्र बंद न पाडता नवं फीचर कसं द्यायचं?



आलापल्लीच्या लाकूड डेपोतला सागवानाचा ओंडका बघितलाय? त्यावर क्रमांक, लांबी, गोलाई नोंदलेली असते. मोजणारा वेगळा, लिलावात बोली लावणारा वेगळा, पण आकडे दोघंही सारखेच वाचतात. उद्या कुणी लांबीच्या जागी गोलाई लिहिली, तर घनमीटरचा हिशेबच चुकला!

नेटवर्कवरून जाणारं डेटा पॅकेट असंच असतं. कुठल्या जागी कोणता आकडा, हे आधीच ठरलेलं. ते वाचणारा कोड म्हणजे पार्सर.

समजा, तुम्ही आलापल्लीत पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारं यंत्र बनवता. पॅकेट 4 बाइटचं: पहिले 2 यंत्राचा नंबर, तिसरा पातळी, चौथा बॅटरी. सर्व्हर, मोबाइल ॲप आणि ग्रामपंचायतीतला डिस्प्ले, तिघांत एकच पार्सर. 50 यंत्रं विकली. आता गिऱ्हाईक म्हणतं, "मोटर किती करंट घेते तेही दाखवा."

घाईत तुम्ही तिसऱ्या जागी करंट टाकला. मोटर 12 अँपिअर घेतेय, टाकी भरलेली आहे, पण जुना डिस्प्ले दाखवतो: टाकी 12 टक्के! पंप चालूच राहतो, पाणी वाहून जातं. नाव कुणाचं खराब? तुमचंच.

"अपडेट करून टाकू की!" कसं? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. एका डिस्प्लेसाठीची फेरी नफा खाऊन टाकते. म्हणून हे पाच नियम वहीत लिहा.

1. जुन्या जागेचा अर्थ बदलू नका. करंट पाचव्या बाइटमध्ये, शेवटी जोडा.

2. लांबी तपासा. पार्सरने "बरोबर 4 बाइट" मागू नये. "किमान 4" मागावेत आणि पुढचे न कळणारे सोडून द्यावेत. नव्या पार्सरला 4 च मिळाले तर "करंटची माहिती नाही" म्हणावं, शून्य दाखवू नये. कारण शून्य म्हणजे मोटर बंद!

3. आवृत्ती क्रमांक पहिल्या दिवसापासून ठेवा. 1981 च्या आयपीव्ही4 मध्ये पॅकेटचे पहिले 4 बिट आवृत्तीसाठीच आहेत. म्हणून आयपीव्ही6 चं पॅकेट वेगळं ओळखता येतं. पण फक्त आयपीव्ही4 समजणारं यंत्र ते वाचू शकत नाही, त्यामुळे आजही दोन्ही शेजारी-शेजारी चालवावे लागतात. आवृत्ती बदलणं हा शेवटचा उपाय समजा.

4. जुनी पॅकेट जपून ठेवा. कोड बदलला की प्रत्येक मॉडेलची खरी पॅकेट त्यातून चालवून बघा. उत्तर आधीसारखंच आलं, तरच माल बाहेर.

5. जुन्याचं ओझं मोजा. आधीच विकलेला डिस्प्ले 4 च बाइट घेतो? मग सर्व्हरवरून त्याला जुन्या साच्यातच पाठवा. पण असे पाच-सहा साचे झाले की प्रत्येक नवं काम रखडतं. तेव्हा उरलेली यंत्रं मोजा, बदलून द्यायचा खर्च काढा, गिऱ्हाइकाला आधी तारीख सांगा आणि मगच जुना साचा बंद करा.

आजचं काम: तुमच्या पॅकेटचा तक्ता एका कागदावर काढा आणि शेवटी एक काल्पनिक बाइट जोडा. जुना कोड तरला, तर धंदा वाढवायला तुम्ही मोकळे. नाही तरला, तर आजच दुरुस्त करा. 50 यंत्रांवर जमेल, 500 वर घाम फुटेल!