जुन्या सिनेमाची उलटी वाट

दिवाळीत घर भरलेलं असतं. फराळाच्या ताटल्या उचलल्या जातात, पत्त्यांचे डाव संपतात आणि रात्री कोणीतरी म्हणतंच, "काहीतरी चांगलं लावा रे." मग रिमोट या हातातून त्या हातात फिरत राहतो. नव्या मालिका, नवे सिनेमे, सगळ्यांची पहिली दोन मिनिटं बघून होतात आणि शेवटी काहीच न ठरता मंडळी झोपायला जातात. खरं तर याच पडद्यावर मराठीतले उत्तमोत्तम जुने चित्रपट सहज मिळतात. ते लावले जात नाहीत, कारण जुना चित्रपट म्हणजे आदराने पाहण्याची गोष्ट, अशी आपली समजूत झाली आहे. आदर उभा राहिला की मजा दाराबाहेर थांबते.

यावर उपाय सोपा आहे. इतिहासाच्या पुस्तकासारखं 1913 पासून सुरू करू नये. ओळखीच्या चित्रपटापासून निघावं आणि एकेक पाऊल मागे जावं. डोळा आणि कान हळूहळू सरावतात. आठवडाभराने कृष्णधवल चित्र, संथ चाल आणि नाटकी वाटणारे उच्चार यांचं काही वाटेनासं होतं.

हसत हसत सुरुवात

पहिल्या रात्री 'अशी ही बनवाबनवी' लावावा. 1988चा हा चित्रपट सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच तो पहिला. वसंत सबनीसांची लेखणी, सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन आणि मुळात हृषीकेश मुखर्जींच्या 1966 मधल्या 'बीवी और मकान'चा आधार. या वेळी विनोदाबरोबर त्यातल्या अडचणीकडेही बघा. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा मिळत नाही, म्हणून दोघांना बायकांचे वेष घ्यावे लागतात. घरभाडं आणि घरमालकांच्या अटी हे आज पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्या मुलामुलींचं रोजचंच दुखणं आहे. या चौघांतला धनंजय माने त्यांना परका वाटत नाही, तो यामुळेच.

हीच हसण्याची वाट आणखी मागे नेली की दिग्दर्शक राजा परांजपे भेटतात. 'लाखाची गोष्ट' 1952चा. महिनाभरात लाख रुपये खर्च करून दाखवायचे, ही त्यातली अट. त्या काळच्या लाखाची किंमत आजोबांना विचारावी आणि मग राजा गोसावींची धांदल बघावी. पुढच्याच वर्षी आलेल्या 'गुळाचा गणपती'त पु. ल. देशपांडे दिग्दर्शकही आहेत, संगीतकारही आणि नायकही. भीमसेन जोशींच्या आवाजातला जो अभंग अनेकांना एखाद्या संताचा वाटतो, तो ग. दि. माडगूळकरांनी याच चित्रपटासाठी लिहिला. घरात गाण्याची आवड असलेलं कोणी असेल, तर त्या एका गाण्यासाठीही हा चित्रपट लावायला हरकत नाही.

दोन रात्री, दोन अभिनेते

घरात राजकारणावर तावातावाने बोलणारे काका असतीलच. त्यांच्यासाठी लागोपाठ दोन रात्री राखून ठेवाव्यात. पहिल्या रात्री 'सामना', दुसऱ्या रात्री 'सिंहासन'. दोन्हींचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची.

'सामना' 1975च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी गेला होता. साखर कारखाना, गाव आणि माणसं मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले. अंगावर मळके कपडे, दारूची सवय, तरीही एकच प्रश्न सोडायला तयार नसलेला मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळेचं काय झालं, एवढंच त्याला हवं आहे. हिंदुरावाचं बोलणं नीट ऐका. आवाज चढवायची त्याला गरजच पडत नाही. पाहुण्याची सरबराई करता करता तो आपली ताकद दाखवून देतो. मास्तरकडे ना सत्ता ना पैसा, पण तो समोर आला की हिंदुरावाचा तोल ढळायला लागतो.

'सिंहासन' 1979चा, अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. इथे पारडं उलटतं. सत्तेसाठी डाव टाकणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे लागू आणि सगळं पाहणारा, सगळं कळणारा पण काहीच बदलू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेत अरुण सरनाईक. आदल्या रात्री ज्या डोळ्यांत मग्रुरी दिसली, त्याच डोळ्यांत दुसऱ्या रात्री हतबलता दिसते. पाटलाच्या आणि खलनायकाच्या भूमिकांवरून निळू फुल्यांना ओळखणाऱ्या पिढीला हा नट केवढा मोठा होता, हे या दोन रात्रींत समजतं. निवडणूक, पक्षांतर, कामगार पुढारी, वर्तमानपत्र यांचं जे गणित 'सिंहासन' मांडतो, ते समजायला 1979चे संदर्भ शोधावे लागत नाहीत.

उंबरठ्याच्या दोन बाजू

पुढची जोडी तरुण मुली आणि त्यांच्या आया यांनी एकत्र बघावी अशी आहे. 1982चा 'उंबरठा' शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून आला. स्मिता पाटील यांची सुलभा सुखवस्तू घर, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची जबाबदारी घेते. तिचं बरोबर की चूक, यावर चित्रपट निकाल देत नाही. घरात मात्र वाद होतो आणि तो व्हायलाच हवा.

आता मागे, थेट 1937 मध्ये. प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू', दिग्दर्शक व्ही. शांताराम, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला. शांता आपटे यांची नीरा फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधली जाते आणि हा संसार मान्य करायला ठाम नकार देते. ती रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहते आणि रोज नकार देते.

'कुंकू' पाहताना आवाजांकडे विशेष लक्ष असावं. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. भावना वाढवायला व्हायोलिन येत नाहीत. जे ऐकू येतं, ते घरातलं आणि रस्त्यावरचं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्या नवऱ्याचं वय मोजत राहते. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, सगळा देश गाण्यांच्या मागे लागला होता आणि पुण्यातल्या एका कंपनीने शांततेवर भरवसा ठेवला. केशवराव दात्यांचा वकीलही निव्वळ दुष्ट नाही. आपण काय केलं, हे त्याला हळूहळू उमगत जातं आणि ते उमगणं चेहऱ्यावर दिसतं.

शेवटी देहू

या उलट्या वाटेचा शेवटचा मुक्काम 'संत तुकाराम', 1936. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल. 1937च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला गौरव मिळाला. पण तो पाहायचं कारण गौरवापेक्षा मोठं आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम इतका साधा आहे की नट दिसेनासा होतो. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग लोकांनी तुकोबांचाच मानला.

तरीही चित्रपटाचा प्राण जिजाई आहे. ही भूमिका गौरी यांची. पोर आजारी पडतं तेव्हा ती चप्पल हातात घेऊन देवळात शिरते आणि विठ्ठलालाच जाब विचारते. नवरा अभंगात गुंतलेला, घरात दाणा नाही आणि चूल हिला पेटवायची आहे. तिचं भांडण खरं, तिचं प्रेम त्याहून खरं. भक्तिपटात घरधनिणीच्या बाजूला एवढं वजन देणं हे दामले-फत्तेलालांचं मोठेपण. आजही आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना जिजाईचं पटतं.

बघण्याआधी थोडी तयारी

आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. त्यामुळे प्रभातच्या काळातले चित्रपट यूट्यूबवर अनेकांनी टाकलेले दिसतात. त्यांतली प्रत निवडताना कालावधी आधी बघावा. 'संत तुकाराम' सव्वादोन तासांच्या आसपास आहे. दीड तासाची प्रत दिसली तर ती कापलेली समजावी. नंतरचे चित्रपट अधिकृत ठिकाणीच पाहावेत.

जुनं चित्र जवळजवळ चौकोनी असतं. पडदा भरावा म्हणून टीव्हीवर ते ताणलं किंवा झूम केलं, तर चेहरे फुगतात नाहीतर डोकी कापली जातात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत. आवाज खरखरीत असतो, म्हणून स्पीकर जोडावा. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसोबत बघणार असाल, तर इंग्रजी उपशीर्षकं असलेली प्रत आधी शोधून ठेवावी. आणि पहिली वीस मिनिटं फोन बाजूला ठेवावेत; संथ चित्रपटाला पकड घ्यायला तेवढाच वेळ लागतो.

हे सगळं आज उरलं आहे, हेही कमी नाही. जुनी नायट्रेट फिल्म झपकन पेट घेते. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातली अशी हजारो रिळं आगीत गेली. त्यांतले सगळे चित्रपट परत मिळणार नाहीत. जे वाचले, ते प्रेक्षक मागतील तरच नीट डागडुजी होऊन समोर येतील, कारण मागणी नसलेल्या चित्रपटावर कोणी पैसे घालत नाही. म्हणून या दिवाळीत एक तरी जुना मराठी चित्रपट घरच्यांना गोळा करून पूर्ण बघा आणि आवडला तर आणखी एका घराला सांगा.