किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या हाती?

व्यवसाय लहान असो वा मोठा, तिजोरीची किल्ली कोणाजवळ असावी याचा विचार आपल्याकडे पूर्वापार होत आला आहे. पेढीचा मालक ती स्वतःजवळ बाळगी किंवा विश्वासू मुनिमाच्या स्वाधीन करी. मुनीम गावी गेला तर ती कोणाकडे द्यावयाची, हेही ठरलेले असे. आज बँकेचे खाते, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, पत्रव्यवहार, ग्राहकांच्या याद्या हे सारे संगणकावर आले आहे आणि प्रत्येक ठिकाणी परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, लागतो. परंतु लोखंडी तिजोरीची एवढी काळजी घेणारी पेढी हे शब्द मात्र हिशेबनिसाच्या वहीत, नाहीतर सर्वांना उघडता येईल अशा एखाद्या तक्त्यात लिहून ठेवते. कित्येक ठिकाणी तर एकच शब्द सगळीकडे वापरला जातो. मग एका संकेतस्थळावरून तो चोरीस गेला की चोर तोच शब्द बँकेच्या व ईमेलच्या दारावरही लावून पाहतात.

यावर उपाय म्हणून पासवर्ड मॅनेजर नावाची योजना प्रचारात आली आहे. ही एक प्रकारची तिजोरीच होय. प्रत्येक खात्यासाठी लांब आणि निराळा शब्द ती स्वतः तयार करते, कूटलिपीत जपून ठेवते आणि वेळेवर पुरविते. आपण ध्यानात ठेवावयाचा तो एकच मुख्य शब्द. हिचा आणखी एक गुण असा की, बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल करून कोणी सापळा लावला, तरी पत्ता जुळत नसल्यामुळे ती तेथे शब्द आपणहून भरीत नाही. माणसाचा डोळा फसतो, तेथे ही सोय सावध करते.

मग अशी कोणतीही तिजोरी घेतली तर चालेल काय? याचे उत्तर २०२२ साली लास्टपास या प्रसिद्ध कंपनीत जे घडले त्यावरून मिळते. त्या वर्षी चोरट्यांनी कंपनीच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरकाव करून घेतला आणि अखेरीस ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या राखीव प्रती पळविल्या. त्यांतील परवलीचे शब्द कूटलिपीत होते. परंतु ग्राहक कोणकोणत्या संकेतस्थळांवर जात, ते पत्ते मात्र उघड्या अक्षरांत होते. शिवाय मुख्य शब्दाचा अंदाज बांधणे कठीण व्हावे म्हणून त्यावर एक गणिती क्रिया हजारो वेळा करावयाची असते. ती २०१८ पासून नव्या खात्यांसाठी एक लाखाहून अधिक वेळा होऊ लागली होती. पण कित्येक जुन्या खात्यांत हा आकडा ५,००० किंवा त्याहूनही कमी राहून गेला होता. ज्यांचा मुख्य शब्द तोकडा, त्यांचा धोका अर्थातच अधिक. यावरून निवडीची पहिली कसोटी ठरते: कंपनीची कोठारे लुटली गेली तरी आपली तिजोरी बंद राहील काय?

दुसरी कसोटी वाटपाची. विक्री पाहणाऱ्यास बँकेची किल्ली कशासाठी? ज्यास जेवढे काम, त्यास तेवढेच शब्द देता आले पाहिजेत आणि कोणी केव्हा काय उघडले, याची नोंद राहिली पाहिजे. जेथे सरकारी संकेतस्थळच स्वतंत्र उपखाते देते (ई-वे बिलासाठी अशी सोय आहे), तेथे सामाईक शब्दापेक्षा उपखाते केव्हाही श्रेयस्कर.

तिसरी कसोटी निरोपाची. नोकरी सोडून जाणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करता यावा. मात्र एवढ्यावर विसंबू नये. त्याने पाहिलेले शब्द बदललेच पाहिजेत. चौथी कसोटी अडीअडचणीची. मालक आजारी पडला किंवा मुख्य शब्द विसरला, तर पेढी ठप्प होता कामा नये. यास्तव अधिकार दोघांजवळ असावेत आणि पुनःप्राप्तीचा संकेत कागदावर लिहून मोहोरबंद पाकिटात ठेवावा.

या कसोट्यांवर काही पर्याय घासून पाहू. किपास २००३ पासून विनामूल्य मिळते. त्याची फाइल आपल्याच संगणकावर राहते, त्यामुळे परक्या कोठाराची चिंता नाही. पण फाइल ज्यास उघडता येते त्यास सर्वच शब्द दिसतात आणि तिच्या राखीव प्रती सांभाळणे आपल्याकडे येते. एकट्या व्यावसायिकास ते उत्तम. बिटवॉर्डनची मूळ आज्ञावली कोणासही तपासून पाहता येते, संस्थांसाठी वाटपाची सोय आहे, आणि हवे तर ते स्वतःच्या सर्व्हरवरही चालविता येते. वनपासवर्डमध्ये मुख्य शब्दाच्या जोडीला एक लांबलचक गुप्त किल्ली आपल्या यंत्रावर असते. म्हणून केवळ कंपनीतून चोरलेल्या प्रतीवर अंदाजाचा मारा करून फारसे साधत नाही. ब्राउझरमधील सोय एका माणसापुरती ठीक; परंतु ती त्याच्या खाजगी खात्याशी बांधलेली असल्यास तो गेला की शब्दही गेले.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. वैयक्तिक माहिती जपण्यासाठी वाजवी उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेला फोन क्रमांक हीही आपल्याकडील ठेवच होय.

प्रारंभ सोपा ठेवावा. प्रथम बँक व ईमेल ही दोनच खाती आत घ्यावीत आणि तिजोरीवर दुसऱ्या पडताळणीचे कुलूप लावावे. मुख्य शब्द चार-पाच असंबद्ध शब्दांचा, लांब असावा. तो अन्यत्र कोठेही वापरू नये. जुना तक्ता, सर्व शब्द आत गेल्यावर, निश्चयाने नष्ट करावा. आणि पेढीतील प्रत्येकास हे समजावून द्यावे की, शब्द कुलपात ठेवणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखविणे नव्हे. उद्या काही विपरीत घडले, तर निरपराध माणसावर संशय येऊ नये, यासाठीही ही व्यवस्था आहे.