खाडीकडच्या खोल्या

मालवणहून तारकर्ली ओलांडून देवबागच्या रस्त्याला लागलं की जमीन निमुळती होत जाते. उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे कर्ली नदी आणि मधे माडांची वाळूची पट्टी. सह्याद्रीतून आलेली कर्ली इथे किनाऱ्याला समांतर वाहत जाते आणि भोगव्यासमोर समुद्राला मिळते. काही ठिकाणी दर्याकडून निघालेला माणूस पाच-सात मिनिटांत खाडीवर पोचतो. या पट्टीवर आज घर तिथे पाटी आहे. तीन खोल्या असल्या तरी पाटीवर ‘रिसॉर्ट’च लिहायचं, ही इथली रीत.

सुट्टीपुरत्या राहायच्या घरांच्या वसाहती जगात पुष्कळ आहेत. रशियात दाचा, नॉर्वेत हिट्टे. तिथे घर बहुधा शहरातल्या माणसाचं असतं. देवबाग-तारकर्लीत उलटं झालं. घरं गावातल्यांचीच राहिली आणि सुट्टीला येणारी पहिली माणसं त्यांचीच, मुंबईला गेलेली. पर्यटनाचे आढावे सरकारी घोषणेपासून सुरू होतात. माझ्या मते ते चाकरमान्यापासून सुरू व्हायला हवेत.

आमच्या आजोबांच्या पिढीचा चाकरमानी गिरणीत किंवा गोदीत असे आणि बोटीने गावी येई. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी कोकणातली बंदरं घेत खाली जात. बोट मालवणच्या खडकांपासून लांब उभी राही आणि माणसं, ट्रंका, वळकट्या होडीत उतरवल्या जात. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून मे महिना सरायच्या आत परतावं लागे. पुढे एसटी आली, 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे सलग धावू लागली आणि कुडाळला उतरणं सोपं झालं. पण मे महिन्याची गाठ सुटली नाही. शाळांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात.

मे महिन्यात घर माणसांनी फुटायला येई. बायका माजघरात, म्हातारी माणसं पडवीत, आणि आम्हा पोरांची रवानगी खाडीकडच्या मांगरात. एरवी तिथे सोललेले नारळ, जुनी जाळी, दोर आणि पावसाळ्याची लाकडं असत. एका बाजूला आवरून शेणाने सारवलं की आमची झोपायची सोय झाली. वर चुडतं, खाली चटई, आणि भरतीचं पाणी बांधाला लागल्याचा आवाज रात्रभर. मुंबईच्या चाळीतून आलेल्या पोराला त्या आवाजाने पहिल्या रात्री झोप येत नसे.

सकाळी सुकती लागली की काकी टोपली घेऊन निघे आणि आम्ही मागे. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, डोळ्यांनी शोधायच्या नसतात. मांडीभर पाण्यात उभं राहून टाच वाळूत फिरवायची, तळव्याला कडक काही लागलं की वाकून हाताने काढायचं. काकी बोलता बोलता मूठभर काढी, आमच्या हाताला बहुतेक रिकाम्या शिंपल्याच लागत. मग त्या पाण्यात भिजत ठेवायच्या म्हणजे आतली वाळू सुटते, आणि दुपारी आडाळ्यावर एकेक उघडून एकशिपी करायच्या. ‘काटीत बस, गप जेवूक गावाचा नाय,’ असा तिचा दम असे. खाडीकडे पोहायची परवानगी होती, दर्याकडे नव्हती. पण संगमाच्या बाजूला फिरकायचं नाही, कारण ओहोटीला नदी तिथे जोराने बाहेर ओढते. आज तिथेच पाण्यावरचे खेळ चालतात.

मांगराची खोली कशी झाली, त्याला कारणं अनेक. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. पर्ससीनच्या बोटी वाढल्या तशी रापणकरांच्या जाळ्यातली मासळी घटली. रापण ओढायला दोन्ही दोरांवर मिळून माणसांची फौज लागते, आणि मिळकतीचे वाटे तेवढे पडेनासे झाले. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पर्यटन महामंडळाने तारकर्लीला निवास उभारला, कर्लीत हाउसबोटी आणल्या आणि न्याहारी निवास योजनेतून लोकांना घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सांगितलं. पर्यटक आधी महामंडळाकडे येत. तिथे जागा नसली की शेजारच्या घरी विचारत, आणि त्या घरी चाकरमान्यांसाठी बांधलेलं न्हाणीघर तयारच असे.

मोठी हॉटेलं इथे का शिरली नाहीत, याचं श्रेय गावच्या शहाणपणाला द्यायचा मोह होतो. ते अर्धंच खरं. 19 फेब्रुवारी 1991 च्या सीआरझेड अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला लगाम घातला. दोन्ही बाजूंना पाणी असलेलं देवबाग त्यातून सुटणार कुठून? शिवाय वाळूच्या चिंचोळ्या तुकड्यात हॉटेलवाल्याला हवी तेवढी सलग जमीन एका नावावर मिळतच नाही. नाहीतर शिरोड्याजवळ वेळागरला पंचतारांकित हॉटेलचा घोळ कसा वर्षानुवर्षं चालला, ते जिल्ह्याने पाहिलंच आहे.

संगमाजवळच्या वाळूच्या बेटाला नाव पडलं ‘सुनामी आयलंड’. 2004 च्या सुनामीत ते वर आलं, असं बोटवाला सांगतो. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे येतात, सरकतात, जातात, हे त्याच्या आजोबालाही माहीत होतं. पण दांडा बघायला कोण पैसे देणार!

पैसा आला हे खरं आणि चांगलंही. ज्या काकीला रेशनची उधारी लपवावी लागे तिच्या सुना आज स्वतःच्या खात्यावर पैसे घेतात. पण धंद्याची मुळं वाळूतच आहेत. दर्याकडून धूप होते, धूपबंधारे घातले तरी माड जातात. विहिरीचं गोडं पाणी म्हणजे वाळूत साठलेलं पावसाचं पाणी. मेमध्ये उपसा वाढला की ते मचूळ होतं, आणि शौचखड्डे त्याच वाळूत. करोनाने एक हंगाम बुडवला. दुसऱ्यातून सावरायच्या आत 16 मे 2021 ला तौक्ते वादळाने छपरं उडवली, झाडं पाडली आणि मालवणला कित्येक दिवस अंधारात ठेवलं. हंगामाचा शेवट अजूनही जुन्या बोटींच्याच सुमाराला येतो, कारण 26 मे ते 31 ऑगस्ट पाण्यावरचे खेळ बंद असतात.

यात चाकरमान्याची जागा गेली. त्याचा हक्काचा महिना तोच कमाईचा महिना झाला. चुलतभावाला फोन केला तर तो अवघडून म्हणतो, ‘मे म्हयन्यात जागा गावाची नाय रे. चवथीक ये.’ गणपतीत पर्यटक कमी, सगळ्या खोल्या आपल्याच. भाडं तो घेणार नाही, आणि हंगामात फुकट राहून त्याचं नुकसान करायला आम्हालाही लाज वाटते. आमचा मांगर आता जांभ्याच्या दोन खोल्या झाला आहे, एसीसकट.

मात्र सातबारावर नावं अजून सगळ्यांची आहेत. आजोबांचे मुलगे, त्यांच्या लेकी, ठाण्याचे, डोंबिवलीचे, एक दुबईचा. कर्ज काढायचं किंवा खोल्या रीतसर नोंदवायच्या तर सहहिस्सेदारांची संमती लागते. बऱ्याच घरांत याच टप्प्यावर बोलणं बंद झालं आहे, आणि कोर्टात गेलेल्या वाटण्यांना मालवणात तोटा नाही. चुलतभाऊ गेल्या दिवाळीत संमतीपत्राचे कागद आणि दोन डझन नारळ घेऊन मुंबईला आला होता. मी सही केली. ठाण्याच्या आत्येने सांगितलं आहे, मे महिन्यातले आठ दिवस लेखी मिळाले तरच करीन.